चार डाउन, दहा यार्ड आणि दुर्गाघाटची मुक्की

आजचं व्याख्यान वाराणसीहून. माझ्या पाठीमागे पायऱ्या दिसतायत तो दुर्गाघाट. अठराव्या शतकात पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित कायगावकर यांच्या खटपटीतून हा घाट आणि शेजारचा ब्रह्माघाट उभा राहिला. वर गल्ल्यांमध्ये आजही मराठी घरं आहेत. मराठी घरात बोलतात, दाराबाहेर पाऊल टाकलं की बनारसी हिंदी. या मालिकेत आपण किल्ले पाहिले, बखरी पाहिल्या. आज विषय थोडा आडवाटेचा आहे. अमेरिकन फुटबॉल.

आता तुम्ही म्हणाल, दुर्गाघाटावर बसून अमेरिकन फुटबॉल कसला सांगता? त्याला कारण घडलं. ज्यांच्याकडे उतरलोय त्या घरातला नववीतला मुलगा सोमवारी पहाटे उठून मोबाइलवर सुपर बोल बघत होता. तिकडे रविवारची संध्याकाळ, म्हणून इकडे पहाट. मी चहा घेऊन शेजारी बसलो. थोड्या वेळानं तो म्हणाला, "काका, हे लोक खेळतात कमी आणि थांबतात जास्त. पाच सेकंद पळापळ, मग पंचायत बसते." त्याचे आजोबा पूजेची तयारी करत होते. तिथूनच म्हणाले, "आणि याला फुटबॉल म्हणतात! पाय तर चेंडूला लागतच नाही."

दोघांचेही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं नियमांच्या पुस्तकात सापडत नाहीत, इतिहासात सापडतात. शब्दांची यादी पाठ करून हा खेळ कळत नाही. कुठला नियम कुठल्या भांडणातून आला ते कळलं की शब्द आपोआप लक्षात राहतो.

आजोबांचा प्रश्न आधी घेऊ. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्सटन या दोन कॉलेजांमध्ये जो सामना झाला, तिथून अमेरिकन फुटबॉलचा इतिहास मोजतात. एकेका बाजूला पंचवीस गडी, गोल चेंडू, आणि तो हातात घेऊन पळायला बंदी. म्हणजे तेव्हा तो खरोखरच पायाचा खेळ होता. पुढे १८७४ मध्ये हार्वर्डची पोरं कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाशी खेळली, त्यांना तिथला रग्बी आवडला, आणि चेंडू हातात आला. नाव मात्र फुटबॉलच राहिलं. आजोबा, खेळ बदलला, पाटी बदलायची राहून गेली, एवढंच.

रग्बीत खेळ थांबला की दोन्ही बाजूंचे गडी डोक्याला डोकं लावून रेटारेटी करतात आणि मधून चेंडू कुणाला मिळेल तो मिळेल. त्याला इंग्रजीत स्क्रमेज म्हणत. येल कॉलेजच्या वॉल्टर कॅम्प नावाच्या तरुणाला हा गोंधळ पटेना. चेंडू एका बाजूच्या ताब्यात द्या, त्यांनी तो आपल्याच गड्याकडे मागे सारायचा आणि तिथून डाव सुरू, असं त्यानं सुचवलं. १८८० मध्ये ते मान्य झालं. गड्यांची संख्याही पंधरावरून अकरावर आली. स्क्रमेजचं झालं स्क्रिमेज. आज चेंडू जिथे ठेवतात तिथून मैदानभर एक कल्पित रेघ धरतात, ती स्क्रिमेजची रेघ. डाव सुरू होईपर्यंत ती कुणी ओलांडायची नाही. मधला गडी चेंडू पायांमधून मागे देतो, तो स्नॅप. तो घेणारा क्वार्टरबॅक. सगळा डाव याच्या डोक्यात असतो. पुढे हा कॅम्प घड्याळाच्या कारखान्यात नोकरीला लागला आणि तिथे वर चढत गेला. या खेळात घड्याळाला इतकं महत्त्व का, हे सांगताना मला उगाच त्याची नोकरी आठवते.

पण नियम आला की त्यातून पळवाट काढणारा त्याच्या मागून येतोच. चेंडू आपल्या ताब्यात आहे आणि तो सोडायची सक्ती नाही, मग पुढे जायचंच कशाला? १८८१ मध्ये येल आणि प्रिन्सटन यांच्या सामन्यात नेमकं हेच झालं. एका संघानं अर्धा सामना चेंडू धरून ठेवला, दुसऱ्यानं उरलेला अर्धा. निकाल शून्य-शून्य. प्रेक्षक वैतागले.

म्हणून १८८२ मध्ये ठरलं: तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू सोडा. पाच यार्ड झाले की नाही हे कळायला मैदानावर दर पाच यार्डांवर चुन्याच्या रेघा आल्या. लांबून ते मैदान मांस भाजायच्या लोखंडी जाळीसारखं दिसायचं, म्हणून त्याला ग्रिडआयर्न हे नाव पडलं. यातला प्रत्येक प्रयत्न म्हणजे डाउन. पकडला गेलेला गडी आता सुटका नाही असं दिसलं की स्वतःच "डाउन" म्हणून ओरडायचा, तिथून हा शब्द आला. आजचा हिशेब चार डाउनमध्ये दहा यार्ड असा आहे. दहा यार्ड कापले की पुन्हा नव्यानं चार मिळतात, त्याला फर्स्ट डाउन म्हणायचं. टीव्हीवर कोपऱ्यात "थर्ड अँड सेव्हन" असं लिहून येतं, त्याचा अर्थ तिसरा प्रयत्न चालू आहे आणि सात यार्ड बाकी आहेत. एवढं कळलं की अर्धा खेळ कळला.

त्या मुलाला मी हे कबड्डीवरून सांगितलं. प्रो कबड्डी तो न चुकता बघतो. तिथे लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणाराच बाद. करो या मरो. तो नियम का आला? आघाडीवर असलेला संघ नुसता मध्यरेषेशी नाचून वेळ काढायचा म्हणून. १८८१ मध्ये येल-प्रिन्सटनचं जे दुखणं होतं तेच आपल्याकडेही होतं, आणि औषधही जवळजवळ तेच निघालं.

मैदान समजून घ्यायला मात्र कबड्डीपेक्षा आट्यापाट्या बऱ्या. ज्यांनी खेळल्यात त्यांना आठवेल. जमिनीवर आडव्या पाट्या, प्रत्येक पाटीवर एक अडवणारा, आणि आपण त्यांना चुकवत एकेक पाटी ओलांडायची. जमीन जिंकत जाण्याचा खेळ तो हाच. अमेरिकन मैदान शंभर यार्ड लांब आणि त्रेपन्न यार्डांहून किंचित जास्त रुंद असतं. दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांची एकेक पट्टी असते, ती एंड झोन. समोरच्यांच्या एंड झोनमध्ये चेंडू घेऊन पोचलात की टचडाउन, सहा गुण.

हा टचडाउन शब्द बघा. रग्बीत पलीकडे पोचल्यावर चेंडू खरोखर जमिनीला टेकवावा लागतो. अमेरिकेत टेकवायची अट गेली, चेंडूनं रेघ ओलांडली की झालं. पण शब्द राहिला. आपल्याकडे कबड्डीत समोरचा सगळा संघ बाद केला की 'लोण' चढतो, दोन जादा गुण मिळतात. लोण म्हणजे मीठ. आट्यापाट्यांत शेवटच्या लोणपाटीपलीकडे जाऊन परत फिरणारा लोण घेऊन येतो. आज लोण चढवताना कुणाच्या हातात मीठ नसतं, तसं टचडाउन करताना चेंडू जमिनीला लागत नाही.

बाकीचे गुण चटकन सांगतो. टचडाउननंतर एक संधी मिळते: खांबांमधून चेंडू लाथेनं उडवला तर एक गुण, पुन्हा एंड झोनमध्ये नेला तर दोन. टचडाउन जमत नाही असं दिसलं तर लांबूनच लाथ मारून चेंडू खांबांमधून घालवायचा, तो फील्ड गोल, तीन गुण. ज्याच्या हाती चेंडू आहे तो स्वतःच्याच एंड झोनमध्ये पकडला गेला तर समोरच्यांना दोन गुण, त्याला सेफ्टी म्हणतात. सुरक्षितता नक्की कुणाची, ते मला आजवर कळलेलं नाही. चौथा डाउन आला आणि अंतर बरंच उरलंय, तर बहुतेक संघ चेंडू लाथेनं लांब उडवून देतात, तो पंट. चेंडू द्यायचाच आहे तर शत्रूला त्याच्या घराजवळ द्या, असा विचार. आणि हो आजोबा, इथे पाय लागतो!

आता मुलाच्या प्रश्नाकडे, ती मधली पंचायत. त्या घोळक्याला हडल म्हणतात. गॅलॉडेट हे वॉशिंग्टनमधलं कर्णबधिरांचं कॉलेज. १८९० च्या दशकात पॉल हबार्ड हा तिथला क्वार्टरबॅक. ही मुलं हातांच्या खुणांनी बोलायची. समोरचा संघही कर्णबधिरांचा असला की त्यांना सगळ्या खुणा कळायच्या. म्हणून हबार्डनं आपल्या गड्यांना गोल उभं केलं आणि खुणा त्या गोलाच्या आत लपवल्या. आज लाखो रुपये घेणारे खेळाडू सामन्यात गोल करून उभे राहतात, त्यामागे त्या मुलांची ही युक्ती आहे. हे सांगितल्यावर मुलानं मोबाइल थांबवला आणि हडल मागे नेऊन पुन्हा बघितली.

इथवर गंमत झाली. पण या खेळाच्या नियमांची खरी पानं रक्तानं लिहिलेली आहेत, आणि तिथेच मला दुर्गाघाट आठवतो.

१८९२ मध्ये हार्वर्डच्या संघानं येलविरुद्ध एक नवा प्रकार काढला. गड्यांची दोन टोळकी लांबून धावत यायची, पाचरीच्या आकारात एक व्हायची आणि समोरच्या एका गड्यावर जाऊन आदळायची. ही युक्ती लॉरिन डेलंड नावाच्या बुद्धिबळाच्या शौकिनाची. तिचं नाव फ्लाइंग वेज, उडती पाचर म्हणा. दोन वर्षांत तिच्यावर बंदी आली, पण एकत्र येऊन रेटण्याची सवय गेली नाही. गडी एकमेकांच्या हातात हात अडकवायचे, आपल्याच माणसाला मागून ढकलायचे. १९०५ च्या हंगामात अठरा मुलं दगावल्याचं वृत्तपत्रांत छापून आलं. कॉलेजची, शाळेची मुलं. काही कॉलेजांनी खेळ बंद केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्सटनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. त्यांचा स्वतःचा मुलगाही तेव्हा हार्वर्डमध्ये हाच खेळ खेळत होता.

आता काशीत या. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, दुसरे बाजीराव बिठूरला, म्हणजे ब्रह्मावर्ताला आले. त्या काळात पुण्याच्या तालमींची विद्याही गंगेकाठी आली. मल्लखांबाचा पुनरुद्धार करणारे बाळंभटदादा देवधर तुम्हाला ठाऊक असतील. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या पैलवानांचं आव्हान त्यांनी स्वीकारलं, सप्तशृंगीला जाऊन तयारी केली, आणि गुलाबला चीत केलं, अशी परंपरेतली कथा आहे. त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले आणि पुढे दामोदरगुरू मोघे यांनी काशीत आखाडे चालवले. इथे पानवाल्यापासून नावाड्यापर्यंत सगळेच एकमेकांना गुरू म्हणतात, पण ही मंडळी खरोखरची गुरू.

याच देवधर घराण्यातले नारायणगुरू मुक्कीसाठी नावाजले. मुक्की म्हणजे मुठींची लढत. हातमोजा नाही, उघड्या मुठीनं. बनारसच्या जुन्या ओळखींमध्ये दुर्गाघाटची मुक्की हमखास असते. नारायणगुरू एका वेळी दहा-बारा जणांना अंगावर घ्यायचे, असं सांगतात. मुक्की दोन तऱ्हेची. एक, एकास एक. दुसरी, जमावास जमाव. दुसरीत माणसं पडायची, जबर जखमी व्हायची, जिवालाही मुकायची. इंग्रजी अमलात या जमावाच्या लढतीवर बंदी आली. एकास एक लढत तेवढी उरली.

मला इथे बसल्यावर हेच टोचत राहतं. बंदी चुकीची होती असं मी म्हणत नाही. माणसं मरत होती. अमेरिकेतही माणसं मरत होती, आणि तिथेही बंदीची मागणी जोरात होती. फरक एवढा, की तिथे खेळणाऱ्यांच्याच मंडळींना एका टेबलाभोवती बसवून नियम बदलायला लावलं. इथे सरकार परकं. त्याला मुक्की टिकली काय, गेली काय. पैलवानांना बोलावून "गुरूजी, हा खेळ सुरक्षित कसा करता येईल?" असं विचारणारं कुणी नव्हतं.

त्या टेबलावर काय ठरलं ते बघा. डिसेंबर १९०५ मध्ये न्यूयॉर्कला बासष्ट कॉलेजांचे प्रतिनिधी जमले. त्यांची जी संघटना झाली तिलाच आज एनसीएए म्हणतात. १९०६ मध्ये तीन मोठे बदल झाले. पहिला, चेंडू पुढच्या दिशेनं हातानं फेकायला परवानगी, म्हणजे फॉरवर्ड पास. दुसरा, पाच यार्डांऐवजी दहा यार्ड. तिसरा, स्नॅपच्या वेळी दोन रांगांमध्ये चेंडूच्या लांबीएवढी मोकळी जागा. वरवर हे तीन सुटे नियम दिसतात, पण तिन्हींचा हेतू एकच: गर्दी फोडायची. पाच यार्ड रेटारेटीनं मिळतात, दहा मिळत नाहीत. त्यासाठी पसरावं लागतं, आणि पास असला की बचाव करणाऱ्यांनाही पसरावं लागतं. आज क्वार्टरबॅकनं पन्नास यार्डांवर टाकलेला चेंडू बघून आपण वाहवा म्हणतो. तो पास शोभेसाठी आलेला नाही, तो जीव वाचवायला आलेला नियम आहे.

एका वर्षात सगळं सुधारलं असंही नाही. १९०९ मध्ये पुन्हा मृत्यू झाले, तेव्हा आपल्या गड्याला ढकलणं आणि हात अडकवून साखळी करणं बंद झालं. १९१२ मध्ये चौथा डाउन आला, टचडाउनचे सहा गुण झाले आणि मैदान आजच्या मापाचं झालं. शिरस्त्राण तर कॉलेजांच्या खेळात १९३९ मध्ये सक्तीचं झालं. दंडाची पद्धतही मजेची आहे. पंच पिवळं फडकं टाकतात आणि दंड जमिनीत घेतात: स्नॅपआधी हललात तर पाच यार्ड, चेंडू नसलेल्या गड्याला धरून ठेवलंत तर दहा, दांडगाई केलीत तर पंधरा. अंगानं आडवं येऊन अडवता येतं, ते ब्लॉकिंग. हातानं धरलं की गुन्हा. टॅकल करून पाडायचं ते फक्त चेंडूवाल्याला.

आपल्याकडेही असं टेबल होतं, हे विसरू नका. हुतूतू गावोगाव वेगळा खेळला जायचा. दम कसा घ्यायचा, मेलेला गडी परत कधी येणार, यावरून मारामाऱ्या व्हायच्या. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला मेलेला जिवंत होतो, गामिनीत अख्खा संघ मरेपर्यंत तो बाहेर, अमरमध्ये कुणी मरतच नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम बांधायला घेतले ते १९१४ मध्ये. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानं १९२३ मध्ये हुतूतूचे नियम छापले. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानं ते तपासून घेतले. १९५० मध्ये कबड्डीची अखिल भारतीय संघटना झाली. आपले बुवा साळवी आयुष्यभर यामागे राबले. आजची कबड्डी संजीवनीच्या वाटेनं चालते. तिच्या नियमांत वाचा: चढाई करणाऱ्याचं तोंड दाबून दम तोडायचा नाही, गळा आवळायचा नाही, पायांची कैची मारायची नाही. हे कुणाला उगाच सुचलेलं नाही. यातल्या प्रत्येक वाक्यामागे कुठल्यातरी मैदानावर कुणाचातरी श्वास कोंडलेला आहे. हुतूतू हा दांडगाईचा खेळ म्हणून तेव्हा कुणी नुसता बंद केला असता, तर १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पोचली नसती.

आणि मराठी माणसाचा या अमेरिकन खेळाशी थेट संबंधही आला. २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग या नावानं त्याची स्पर्धा झाली. पहिलं विजेतेपद मिळवलं ते पुणे मराठाज या संघानं, दिल्ली डिफेंडर्सना सहा-शून्य हरवून. आता सहा गुण कसे झाले असतील, याचे पर्याय तुम्हीच काढा. एक टचडाउन आणि त्यापुढची संधी हुकली, किंवा दोन फील्ड गोल, किंवा, नशीब फारच वाकडं असेल तर, तीन सेफ्टी. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये याच खेळाचा फ्लॅग फुटबॉल हा प्रकार येतोय. त्यात पाडापाडी नाही. कमरेला लावलेलं फडकं ओढलं की गडी पकडला. उडत्या पाचरीपासून कमरेच्या फडक्यापर्यंत हा प्रवास आहे.

काल संध्याकाळी हेच सगळं मुलाच्या आजोबांशी बोलत इथे पायऱ्यांवर बसलो होतो. खाली काही पोरं नावेच्या दोराशी हुज्जत घालत होती. आजोबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ते सगळं ठीक. पण ते लोक त्या टोपीत घाम कुठे पुसतात?" मुलगा हसला आणि मोबाइल पुढे केला. तिथे तिसरा डाउन होता, दोन यार्ड बाकी. "बघा आजोबा," तो म्हणाला, "करो या मरो." आजोबांनी चष्मा लावला.